चौथं पत्र कुणाचं?

भारतात एमबीबीएस झालेल्या माणसाला पुढं शिकायचं असेल, तर नीट-पीजीचे २०० प्रश्न सोडवायचे, ८०० पैकी पडतील तेवढे गुण पदरात घ्यायचे आणि रँकनं जिथं ढकललं तिथं मुकाट्यानं जायचं. रात्री ३ वाजता वॉर्डातून फोन आला तर तू उठतोस का, नातेवाइकांवर खेकसतोस का, सिस्टरशी धड बोलतोस का, असलं काही ती परीक्षा विचारत नाही. तिनं विचारूही नये, असंच आपल्याला वाटतं. एकदा का माणसांनी माणसांबद्दल मत द्यायचं ठरलं, की ते मत कुठून, कसं आणि कुणाच्या फोनवरून मिळवता येतं, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

अमेरिकेत हा कारभार राजरोस चालतो. तिथं रेसिडेन्सीला, म्हणजे आपल्या एम.डी.-एम.एस.च्या तोडीच्या प्रशिक्षणाला, अर्ज करायचा तर शिफारसपत्रं लागतात. गुण आहेतच, पण यूएसएमएलई या तिथल्या डॉक्टरकीच्या परीक्षेच्या पहिल्या पायरीचे गुण २६ जानेवारी २०२२पासून कळवणंच बंद झालं. आपण इकडे परेड बघत होतो आणि तिकडे एका दिवसात सगळ्या स्कॉलर पोरांची संस्थानं खालसा झाली. आता नुसतं पास किंवा नापास. दुसऱ्या पायरीचे गुण अजून दिसतात, एवढंच समाधान. मग उरलेल्या कागदांचं वजन वाढायचं ते वाढलं, आणि त्यात शिफारसपत्रं आली.

अर्ज इरास नावाच्या संगणकी व्यवस्थेतून जातो. तिच्यात पत्रं हवी तेवढी जमवून ठेवा, पण एका प्रोग्रॅमला त्यातली जास्तीत जास्त ४ लावता येतात. कुठल्या प्रोग्रॅमला कुठली लावायची हे उमेदवारानं ठरवायचं, आणि एकदा अर्ज गेला की लावलेलं पत्र सोडवून घेता येत नाही. माझ्या भाचीनं गेल्या हंगामात इंटर्नल मेडिसिनला अर्ज केला. पहिल्या ३ जागा तिनं स्वतःच कुणाला न विचारता भरल्या. चौथ्या जागेवरून मात्र आमच्या घरात जे झालं, त्याला विधानसभेच्या तिकीटवाटपाखेरीज दुसरं नाव देता येत नाही.

त्याआधी पहिला धक्का भाऊजींना बसला होता. शिफारसपत्र उमेदवारानं वाचायचं नसतं, हा तो धक्का. १९७४ सालच्या एका कायद्यानं अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना आपल्याबद्दलची कागदपत्रं बघण्याचा हक्क दिला, आणि शिफारसपत्रांपुरता तो हक्क शहाणे विद्यार्थी आपण होऊन सोडून देतात. पत्र मागतानाच फॉर्मवर खूण करायची की मी हे बघणार नाही. कारण उमेदवारानं वाचलेल्या पत्रात लिहिणारा खरं बोलला असेल, यावर निवड करणाऱ्यांचा विश्वास बसत नाही.

"म्हणजे सरांनी काय लिहिलंय ते तुला माहीत नाही?" भाऊजींनी विचारलं.

"नाही."

"आणि ते तू पाठवणार?"

"हो, बाबा."

"न वाचता?"

भाऊजींची सगळी नोकरी विम्यात गेली. पॉलिसीच्या मागच्या बाजूचा बारीक मजकूर लोकांना मोठ्यानं वाचून दाखवण्यात त्यांनी हयात घालवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत न लावता आत निघून गेले. आमच्या घरात हा निषेधाचा सर्वोच्च प्रकार आहे.

पण त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. वाचायची सोयच नसेल, तर ४ पत्रं निवडायची म्हणजे काय करायचं? पत्र निवडताच येत नाही. माणूस निवडता येतो. अमक्यानं आपल्याबद्दल काय लिहिलं असेल हे त्याच्या स्वभावावरून, राऊंडला त्यानं कधी मान डोलावली आणि कधी घड्याळाकडे पाहिलं यावरून ताडायचं. ४ वर्षांचं वैद्यकीय शिक्षण संपवून पोरं शेवटी चेहरा वाचायला शिकतात, तो असा.

आपल्याकडं याच्या बरोबर उलटी रीत. आपल्याकडचं शिफारसपत्र हा विद्यार्थ्याच्या आत्मचरित्राचा पहिला खर्डा असतो. सरांकडं पत्र मागायला गेलं की सर मान वर न करता म्हणतात, "मसुदा करून आण, सही करतो." यात सरांचा दुष्टपणा नाही. ओपीडीत ३०० माणसं ताटकळत असताना कुणाची स्तुती सुचत नाही. मग विद्यार्थी घरी येऊन स्वतःची स्तुती लिहायला बसतो, आणि मराठी घरात वाढलेला असला तर तिथंच त्याचं घोडं पेंड खातं. ज्याच्या आईनं ९४ टक्क्यांना "उरलेले ६ कुठं गेले?" असं विचारलंय, त्यानं स्वतःला असामान्य कसं म्हणायचं? तो तासभर पेन चावून लिहितो की सदर विद्यार्थी कष्टाळू आहे. मग तेही जास्त वाटून 'बऱ्यापैकी' घालतो.

म्हणजे बघा, अर्ज एकच. त्यातलं एक पत्र उमेदवारानं वाचायचं नाही आणि दुसरं त्यानंच लिहायचं.

भाचीच्या कॉलेजातल्या विभागप्रमुखांनी तेवढेही कष्ट तिला दिले नाहीत. त्यांच्याकडं पत्र तयारच असतं, फक्त नाव बदलायचं. सिनिअर मुलांकडून त्याची नक्कल सगळ्या बॅचला पाठ आहे. वरचा अर्धा कागद सरांच्या पदव्या, मानद पदव्या, माजी अध्यक्षपदं आणि तीन दूरध्वनी क्रमांक, त्यातला एक निवासस्थानाचा. मग मजकूर: ही विद्यार्थिनी मला गेली काही वर्षं परिचित आहे. ती नियमित, शिस्तप्रिय व आज्ञाधारक आहे. माझ्या माहितीप्रमाणे तिची वर्तणूक चांगली आहे. तिच्या भावी आयुष्यास शुभेच्छा. खाली सही, सहीवर गोल शिक्का, शिक्क्याखाली जावक क्रमांक आणि दिनांक.

हे पत्र आपल्या तलाठ्याला दाखवलं तर तो उठून उभा राहील. अमेरिकेत ते वाचणारा प्रोग्रॅम डायरेक्टर मात्र गोंधळतो. चांगल्या वर्तणुकीचा उल्लेख मुद्दाम करावा लागला, म्हणजे मध्यंतरी काही घडलं होतं की काय? 'माझ्या माहितीप्रमाणे' म्हणजे तुम्हाला सगळी माहिती नाही, असं तर सुचवायचं नाही? आज्ञाधारक? डॉक्टर हवाय की घोडदळातला शिपाई? आणि भावी आयुष्यास शुभेच्छा तर आपण निरोप देताना देतो. मग ही बया जाणार म्हणून तुम्हाला आनंद झाला असेल तर आम्ही तिला का घ्यावं?

तिकडची पत्रं वाचायची एक परिभाषाच आहे. 'चांगली' हा शब्द तिथं शिवीच्या जरा अलीकडचा. 'खूप चांगली' म्हणजे ठीक. 'उत्कृष्ट'पासून माणूस मोजायला सुरुवात होते. 'मी शिफारस करतो' हे वाक्य कोरडं, 'जोरदार शिफारस करतो' हे बरं, 'कुठलीही शंका न ठेवता शिफारस करतो' हे त्याहून वरचं; आणि 'ती आमच्याच प्रोग्रॅममध्ये राहिली तर आम्हाला आनंद होईल' ही शेवटची ओवाळणी. ज्या पत्रात सगळं छान आहे पण हे शेवटचं वाक्य नाही, त्याकडं वाचणारे जरा थबकून बघतात. 'योग्य मार्गदर्शन मिळाल्यास ती प्रगती करील' हे वाक्य आपल्याकडं प्रगतिपुस्तकात दरवर्षी यायचं आणि आई-बाप त्यावर खूष असायचे. तिथं त्याचा अर्थ एकच: हिला एकटीला सोडू नका.

इमर्जन्सी मेडिसिनवाल्यांनी तर या शब्दच्छलाला कंटाळून छापील नमुनाच काढला. त्यात लिहिणाऱ्याला चौकोनात खूण करून सांगावं लागतं की हा विद्यार्थी वरच्या १० टक्क्यांत बसतो, वरच्या एक तृतीयांशात, मधल्यात की खालच्या. विशेषणांना वावच नाही. आपले जुने प्रॅक्टिकलचे परीक्षक या नमुन्यावर बसवले तर अख्ख्या महाराष्ट्रात वरच्या १० टक्क्यांत कुणीही निघणार नाही. "वरचे १० टक्के? अहो, तिथं तर आम्हीही नव्हतो."

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेंका या दोन संशोधकांनी २००३ साली एक अभ्यास छापला. एका मोठ्या अमेरिकी मेडिकल कॉलेजात प्राध्यापकपदांसाठी आलेली ३००हून अधिक शिफारसपत्रं त्यांनी ओळ न्‌ ओळ तपासली. बायकांबद्दलची पत्रं सरासरीनं आखूड निघाली, त्यांत शंका पेरणारी वाक्यं जास्त निघाली, आणि कष्टाळू-मेहनती या जातीची विशेषणं बायकांच्या वाट्याला अधिक आली. पुरुषांच्या संशोधनाबद्दल लोक भरभरून बोलत होते. बायकांच्या शिकवण्याबद्दल आणि राबण्याबद्दल. ती प्राध्यापकांची पत्रं होती, रेसिडेन्सीची नव्हेत, पण वाचल्यावर मला आमच्या घरातल्या सगळ्या बायकांबद्दल आजवर काढले गेलेले उद्गार आठवले. कामाला वाघ आहे. कधी तोंड वर करून बोलली नाही. भाचीनं हा अभ्यास वाचला होता; विभागप्रमुखांच्या 'शिस्तप्रिय व आज्ञाधारक'कडं ती ज्या नजरेनं बघत होती ती मला तेव्हा कळली नाही, नंतर कळली.

तिनं स्वतः भरलेल्या ३ जागा अशा. तिसऱ्या वर्षाच्या पुढं गेल्यावर तिनं ओहायोतल्या एका इस्पितळात इलेक्टिव्ह केली होती. विद्यार्थी असेपर्यंत असं हात लावून काम करायला मिळतं. एकदा डिग्री हातात पडली की बहुतेक ठिकाणी नुसतं बघायला मिळतं, त्याला ऑब्झर्व्हरशिप म्हणतात. म्हणजे ४ आठवडे राऊंडच्या शेवटी, पडद्याला लागून, हात मागं बांधून उभं राहायचं. त्याचंही पत्र मिळतं. पैसे घेऊन अशा जागांची आणि पत्रांची सोय लावून देणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांचा धंदा जोरात आहे; पण त्या पत्रात लिहिणार काय? 'तिनं अत्यंत लक्षपूर्वक पाहिलं.' असो. भाचीनं वेळेवर इलेक्टिव्ह केली, त्यामुळं वॉर्डातल्या एका आणि ओपीडीतल्या एका अशा दोन अमेरिकी डॉक्टरांची पत्रं आली. तिसरं पत्र इथल्या असोसिएट प्रोफेसर मॅडमचं. मॅडमना ना माजी अध्यक्षपद, ना लेटरहेडवर तिसरा फोन. पण इंटर्नशिपमध्ये डेंग्यूच्या साथीत भाची त्यांच्याच युनिटला होती. मॅडमनी मसुदा मागितला नाही. "काय काय केलंस ते मला एका कागदावर दे, आठवण राहायला. लिहीन मी," एवढंच म्हणाल्या आणि रविवारी घरी बसून लिहिलं.

पत्र लिहिणाऱ्यानं स्वतः पोर्टलवर चढवायचं असतं, विद्यार्थ्याच्या हाताला लागू न देता. मॅडमनी ते मोबाइलवरून चढवलं. विभागप्रमुखांच्या ऑफिसात ते प्रकरण बरेच दिवस चाललं, कारण सरांचा ईमेल ऑफिसातला क्लार्क बघतो, क्लार्क सुट्टीवर असला की सरांचा मुलगा बघतो, आणि दोघांपैकी कुणीच ती लिंक उघडायला तयार नव्हतं. "अनोळखी लिंक उघडू नका असं वरून परिपत्रक आलंय," क्लार्क म्हणाला. शेवटी भाचीनं हात जोडले तेव्हा त्यानं पत्र छापलं, शिक्का मारला, स्कॅन केलं, स्कॅन वाकडं आलं म्हणून पुन्हा केलं आणि चढवण्याआधी विचारलं, "जावक नंबर टाकलाय ना?"

तर आता चौथी जागा. भाऊजींचं म्हणणं, विभागप्रमुख. पद मोठं, शिक्का मोठा, पत्र आधीच चढलेलं, आता ते वापरायचं नाही म्हणजे काय? ताईचं म्हणणं ऐकायला कुणी तयार नव्हतं. भाचीच्या आत्याचं म्हणणं, न्यू जर्सीचे डॉक्टर.

न्यू जर्सीचे डॉक्टर प्रत्येक मराठी घराला असतात. आमचे भाऊजींच्या मावसभावाचे व्याही. एडिसनजवळ राहतात, त्वचारोगतज्ज्ञ, प्रॅक्टिस उत्तम, तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला आरतीचं ताट कायम त्यांच्या हातात. फोन केल्या केल्या म्हणाले, "अरे, पोरगी आपलीच आहे! लिहून टाकतो. काय लिहायचं तेवढं सांग." माणूस सोन्यासारखा. पण त्यांनी भाचीला एकदाच पाहिलेलं, तेही जेवायच्या टेबलावर, आणि तेव्हा तिनं कुणाचं निदान केलं नव्हतं, पुरणपोळ्या खाल्ल्या होत्या. इंटर्नल मेडिसिनच्या अर्जाला त्वचारोगतज्ज्ञाचं पत्र, आणि त्यात तिच्या भुकेची ग्वाही. आत्याला हे पटेना. "अमेरिकेतले आहेत ना? मग?"

तिसरा उमेदवार म्हणजे भाचीचे संशोधनातले प्रोफेसर. त्यांच्या हाताखाली तिनं रुग्णांच्या जुन्या नोंदी चाळून तक्ते केले होते, सगळं झूमवर. त्यांनी तिला चौकटीच्या बाहेर कधी पाहिलं नव्हतं. तिच्या तक्त्यांबद्दल ते छातीठोकपणे बोलू शकले असते, पण पेशंटच्या खाटेजवळ ती कशी उभी राहते याबद्दल एक अक्षर नाही.

"मग जागा रिकामी ठेव," मी म्हटलं. पुष्कळ प्रोग्रॅम मुळात ३ पत्रंच मागतात. चौथं घातलंच पाहिजे असं नाही, हे मी तोवर वाचलं होतं.

या सूचनेवर जी शांतता पसरली ती मी विसरणार नाही. मराठी माणूस फॉर्ममधली रिकामी जागा बघू शकत नाही. 'लागू नाही' असं तरी तो लिहितोच. "पेपरात कधी प्रश्न सोडून आलीय का ही?" भाऊजी म्हणाले. त्यावर भाचीनं जे उत्तर दिलं ते मी तरी यूएसएमएलईच्या पहिल्या दोन्ही पायऱ्यांच्या वरचं मानतो. "बाबा, चौथ्या पत्राला निगेटिव्ह मार्किंग आहे."

भाऊजी गप्प झाले. निगेटिव्ह मार्किंग म्हटलं की महाराष्ट्रातला कुठलाही बाप शहाणा होतो.

पण वाद मिटवला ताईनं, आणि त्याला कारण झालं गणिताचं नोबेल. म्हणजे गणिताचं नव्हे, गणितज्ञाला मिळालेलं. अमेरिकेत उमेदवार आणि प्रोग्रॅम यांची जी गाठ घातली जाते तिला मॅच म्हणतात. १९५२पासून हे चालू आहे. मुलाखती झाल्या की उमेदवार आपल्या पसंतीनं प्रोग्रॅमची यादी लावतो, प्रोग्रॅम उमेदवारांची लावतो आणि संगणक दोन्ही याद्या जुळवतो. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ साली अशा जुळवणीवर जो निबंध लिहिला त्याच्या शीर्षकातच कॉलेजप्रवेश आणि लग्नांचं स्थैर्य शेजारी शेजारी बसलेत. पुढं ॲल्विन रॉथ यांनी दाखवलं की डॉक्टरांची मॅच आधीपासून त्याच तत्त्वावर चाललेली होती. १९९०च्या दशकात त्यांनीच ती नव्यानं बांधून दिली. २०१२चं अर्थशास्त्राचं नोबेल रॉथ आणि शॅप्ली यांना मिळालं, त्यात या कामाचा वाटा मोठा. मी हे सगळं रंगवून सांगत होतो. ताई मेथी निवडत होती.

"म्हणजे लग्नच की," ती म्हणाली. "मग पत्र म्हणजे स्थळाची चौकशी."

"तसं म्हण."

"मग चौकशी कुणाकडं करतात? मुलाच्या वडिलांच्या साहेबाकडं करतात का? साहेब म्हणणारच, घराणं उत्तम. मुलाच्या आत्याकडं? ती काय वाईट सांगणार आहे? जिन्यात समोर राहणारी बाई असते ना, तिला विचारायचं. मुलगा रात्री किती वाजता येतो, आल्यावर दार कसं लावतो, दूधवाल्याशी कसा बोलतो, ते तिला माहीत असतं." तिनं एक पिवळं पान बाजूला टाकलं. "तुझ्या तीन पत्रांतल्या तिघांनी तुला काम करताना पाहिलंय. झालं की. समोरची बाई नसेल तर चौकशी थांबवायची, आत्याला कशाला धरायचं?"

आत्या तिथंच बसली होती. पण ताईनं बोलून घेतलं.

ठरलं असं: बहुतेक ठिकाणी ३ पत्रं. जिथं संशोधनावर भर आहे अशा विद्यापीठांच्या प्रोग्रॅमना चौथं झूमवाल्या प्रोफेसरांचं, कारण तिथं तक्तेसुद्धा कुणीतरी वाचतं. न्यू जर्सीच्या डॉक्टरांना ताईनं फोन करून सांगितलं की कंप्युटर चाराच्या वर घेतच नाही हो, किती वेळा करून बघितलं. इरासचा हा नियम ज्यानं केला त्यानं किती मराठी घरांतली नाती वाचवली याची त्याला कल्पना नसेल. आणि विभागप्रमुखांचं पत्र इरासमध्ये आहे तसं राहिलं, शिक्क्यासकट. कुठलं पत्र कुठं लावलं हे लिहिणाऱ्याला दिसत नाही. सर अजून भेटले की विचारतात, "माझं पत्र उपयोगी पडलं ना?" भाची म्हणते, "हो सर." हे खोटं नाही. ते वाचूनच तिला कळलं होतं की पत्र कसं असू नये.

पत्रं न वाचण्याचा नियम एका बाजूनं फुटतो. मुलाखतीत समोरची माणसं पत्रातलंच विचारतात. एका मुलाखतीत तिला थेट विचारलं, "त्या बसड्रायव्हरचं काय झालं?" तिला क्षणभर आठवेना. ओहायोच्या वॉर्डातला पेशंट. हार्ट फेल्युअर, अंगावर सूज, पुन्हा पुन्हा भरती. प्रत्येक वेळी केसपेपरवर एकच शेरा: गोळ्या नियमित घेत नाही. तो शहरबस चालवायचा. भाचीनं त्याला विचारलं की तुम्ही गोळी सकाळी घेता, मग दिवसभर लघवीला कुठं जाता? त्याच्या मार्गावर संडास फक्त शेवटच्या थांब्यावर होता. सूज उतरवणारी गोळी घेतली की अर्ध्या तासात गाडी थांबवावी लागायची, आणि भरल्या बसमध्ये ते जमायचं नाही. म्हणून तो ड्युटीच्या दिवशी गोळीच गाळायचा. गोळीची वेळ बदलली, ड्युटी संपल्यावरची केली. एवढीच गोष्ट. भाचीनं घरी येऊन ती कधी सांगितलीही नव्हती. एसटीच्या लाल डब्यानं प्रवास केलेल्या पोरीला हा प्रश्न सुचणारच, त्यात काय सांगायचं? पण त्या डॉक्टरनं तो बघितला होता, लक्षात ठेवला होता आणि पत्रात लिहिला होता. 'शिस्तप्रिय' हा शब्द त्यात होता की नाही कुणास ठाऊक.

निकालाचा आठवडा मार्चमध्ये येतो. सोमवारी फक्त जागा मिळाली की नाही एवढंच कळतं, कुठं ते शुक्रवारी. हा मधला काळ ज्यानं ठरवला त्याला मुलं नसावीत. २०२५च्या मॅचमध्ये ४३ हजारांहून जास्त जागा होत्या, आणि बाहेरच्या देशात शिकलेल्या, अमेरिकी नागरिक नसलेल्या उमेदवारांपैकी ५८ टक्क्यांनाच जागा मिळाली. म्हणजे चांगली पत्रं असूनही घरी बसलेली पुष्कळ मुलं आहेत, आणि त्यांच्याबद्दल कुणी लेख लिहीत नाही. आमच्या भाचीला मिशिगनमध्ये जागा मिळाली. एडिसनहून पहिला फोन आला. "मी म्हटलं नव्हतं, पोरगी आपलीच आहे!"

आता नवा हंगाम तोंडावर आहे आणि तुमच्यापैकी जे डॉक्टर मेडिकल कॉलेजात शिकवतात, त्यांच्या केबिनबाहेर एखादी पोरगी फाइल छातीशी धरून उभी राहील. तुम्ही तिला काम करताना पाहिलं नसेल, तर तिला सरळ नाही म्हणा. तिचा त्यात फायदाच आहे. पाहिलं असेल, तर मसुदा मागू नका. तिनं काय केलं ते एक उदाहरण आठवून स्वतः लिहा, एक पान पुरे, आणि लिंक तुमच्याच मोबाइलवरून उघडा. वर्तणूक चांगली आहे हे लिहायची गरज नाही. जावक क्रमांकाचीही नाही.